रचनाताईंच्या पोटरीत आलेला गोळा

रचना रत्नदीप गमरे यांना पोहायला डॉक्टरांनी सांगितलं. आवड म्हणून नव्हे, औषध म्हणून. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात मागे जाईना. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ज्या हाताने त्या रोज पन्नास-साठ माणसांचं रक्त काढायच्या, तो हात दुपारनंतर ठणकायला लागायचा. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले, आणि शेवटी म्हणाले की पोहता येत असेल तर पोहा. येत नव्हतं. मग शिका, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

रचनाताईंचं माहेर गुहागरकडचं. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, पण घरातल्या एकाही बाईने घोट्याच्या वर पाणी येऊ दिलेलं नव्हतं. लग्नानंतर त्या डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला राहायला आल्या आणि समुद्राचा प्रश्न मिटला. आता तो पुन्हा निघाला. पालिकेच्या तलावावर सकाळी सहाला बायकांची बॅच होती, तिथे त्यांनी नाव घातलं. पहिले वीस दिवस कडेचा दांडा धरून पाय मारले. एकविसाव्या दिवशी दांडा सोडला, बुडाल्या नाहीत, आणि याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी दोन ट्यूबांवर उलटी नावं लिहिली. बावीस वर्षांच्या नोकरीतली ती एकमेव चूक. तीही त्यांनीच पकडली.

खांदा सहा महिन्यांत सुटला. औषधाचं काम संपलं, तरी रचनाताई ते घेत राहिल्या. आधी एक फेरी, मग चार, मग वीस. एक फेरी पन्नास मीटरची. पाण्यात कोणी हाक मारत नाही, कोणी रिपोर्ट कधी मिळेल विचारत नाही, हे त्यांना फार मानवलं.

त्या सेहेचाळीस वर्षांच्या असताना तलावावर स्वानंद नावाचा नवा प्रशिक्षक आला. वयाने त्यांच्या मुलीपेक्षा, शिवानीपेक्षा, जेमतेम पाच वर्षांनी मोठा, पण तलावावर तो सर आणि त्या ताई. त्याने मास्टर्सची बॅच सुरू केली. मास्टर्स म्हणजे पंचवीस वर्षांवरच्या लोकांच्या शर्यती, दर पाच वर्षांचा एक गट. त्यात कोणी मास्टर असायची गरज नसते. स्वानंदने रचनाताईंचं पोहणं आठवडाभर पाहिलं आणि सांगितलं, की त्यांनी दोनशे मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरावं. चार फेऱ्या. सरावात त्या हे अंतर तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत काढायच्या. पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयोगटात ठाणे जिल्ह्यात एवढं पोहणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

डिसेंबरात ठाण्याला जिल्हा स्पर्धा झाली. रचनाताई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. रत्नदीप, त्यांचे यजमान, रजा टाकून आले. शिवानी पुण्याला नोकरीला होती, तिने शुभेच्छा पाठवल्या. बॅचमधल्या नऊ बायका पोळीभाजीचे डबे घेऊन आल्या. रचनाताई उडी मारायच्या ठोकळ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की तोंडात थुंकी नाही. शिट्टी झाली. पहिली फेरी बावन्न सेकंदांत काढायची असं ठरलं होतं. ती त्यांनी चव्वेचाळीसमध्ये काढली. आयुष्यात इतक्या जोरात त्या कधी पोहल्या नव्हत्या आणि पोहायचं कारणही नव्हतं. दुसरी फेरी कशी गेली ते त्यांना आठवत नाही. तिसऱ्या फेरीत, एकशे वीस मीटरच्या आसपास, श्वास घ्यायला तोंड वळवलं आणि श्वास आत गेलाच नाही असं त्यांना वाटलं. गेला होता, नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं. पण वाटलं खरं. त्यांनी लेनची दोरी धरली. मग दोरीखालून पलीकडे, तिथून आणखी एका दोरीखालून, कडेच्या शिडीवरून त्या बाहेर आल्या.

स्वानंद धावत आला. काय झालं म्हणून त्याने विचारलं.

“गोळा आला,” रचनाताई म्हणाल्या. “पोटरीत.”

हे त्या ठरवून म्हणाल्या नव्हत्या. तोंडातून निघालं. स्वानंदने लगेच त्यांचा पाय हातात घेऊन अंगठा मागे ओढला. कोणता पाय ते त्याने विचारलं नाही, त्यामुळे उजवा ठरला.

भिंतीवर निकालाचा कागद लागला. त्यांच्या नावापुढे वेळेच्या जागी एक आडवी रेघ होती.

तो गोळा मग त्यांच्या घरात राहायलाच आला. बॅचमधल्या सावंतबाईंनी नाचणीचं सत्त्व पाठवलं आणि दर महिन्याला पाठवत राहिल्या. कुणी तिळाचं तेल सांगितलं, कुणी मीठ-लिंबाचं पाणी, कुणी रोज दोन केळी. लॅबमधली सहकारी हेमा म्हणाली की तिच्या मावसभावाला असाच गोळा यायचा आणि तो चप्पल बदलल्यावर गेला. रचनाताईंनी सगळं केलं. चप्पलही बदलली. खोट्यालाही काही जबाबदाऱ्या असतात.

रत्नदीप एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. मालात दोष निघाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मुळाशी जायचं अशी त्यांच्याकडे पद्धत होती. जेवताना त्यांनी ती काढली. गोळा का आला? पाणी कमी प्यायले म्हणून. पाणी का कमी प्यायलीस? कपडे बदलायची खोली लांब होती म्हणून. रचनाताईंनी चार ‘का’ निभावले. पाचव्याला त्या म्हणाल्या की भात घ्या, गार होतोय.

स्वानंदने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यायला सांगितलं. हेमाने त्यांचं रक्त काढलं. रिपोर्ट आला. सगळं जागच्या जागी, कॅल्शियम तर तिशीतल्या बाईला शोभेल असं. त्या कागदावर सही करणाऱ्या डॉक्टरांना रचनाताई बावीस वर्षं ओळखत होत्या, तेव्हा कागदावर संशय घ्यायला जागा नव्हती. त्यांनी तो घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. कोणी न सांगता ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफीही करून घेतली. तीही उत्तम निघाली. याने त्यांची थोडी निराशा झाली. हृदयात काही निघालं असतं तर निदान ते कुणाला सांगता आलं असतं.

फेब्रुवारीत गोळा ठाण्याहून डोंबिवलीला आला. म्हणजे सरावातही व्हायला लागलं. तिसऱ्या फेरीत, प्रथमोपचाराच्या खोलीची खिडकी डाव्या हाताला आली की छाती आवळायची आणि हात दोरीवर जायचा. जिथे आठ वर्षं निर्धास्त पोहल्या तिथेच. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. दर वेळी त्या पोटरी धरायच्या आणि दर वेळी स्वानंद त्यांना पोटऱ्यांचा एक नवा व्यायाम द्यायचा.

त्याने मनाचीही तयारी करून घ्यायचं ठरवलं. तो अशा विषयांवरची व्याख्यानं मोबाइलवर ऐकायचा. डोळे मिटून बसा, म्हणाला, आणि पूर्ण शर्यत डोळ्यांपुढे आणा, भिंतीला हात लागेपर्यंत. रचनाताई रोज रात्री जेवणानंतर पलंगाच्या कडेला बसून हे करायच्या. त्यांची कल्पनाशक्ती चांगली निघाली. फरशा दिसायच्या, दोरीवरचे निळे-पांढरे गोळे दिसायचे, क्लोरीनचा वासही यायचा. पहिली फेरी व्हायची, दुसरी व्हायची, आणि तिसऱ्या फेरीत त्या कल्पनेतही दोरी धरायच्या. सोळा दिवस त्यांनी प्रयत्न केला. एकदाही शर्यत पुरी झाली नाही. मग त्यांनी डोळे मिटणं बंद केलं.

सरावानंतर मनात काय आलं ते वहीत लिहायलाही त्याने सांगितलं होतं. रचनाताईंना रिपोर्ट सोडून दुसरं काही लिहायची सवय नव्हती. एका पानावर त्यांनी लिहिलं: ‘भीती – आढळली. प्रमाण – मोजण्याची सोय नाही.’ ते पान फाडलं आणि दुसऱ्यावर ‘पोटरी ठीक’ असं लिहून वही दाखवली.

मेमध्ये, एका मंगळवारी सकाळी, कल्पिता वैद्य लॅबमध्ये थायरॉइडच्या तपासणीला आल्या. एक्कावन्न वर्षांच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, राहायला लॅबपासून दोन गल्ल्या पलीकडे. त्या अकराव्या वर्षापासून पोहत होत्या आणि पन्नास ते चौपन्नच्या गटात जिल्ह्यात पहिल्या यायच्या. रचनाताईंनी त्यांना लांबून पाहिलं होतं. आपल्याला त्यांनी पाहिलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

रचनाताईंनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई आत घातली. रक्त ट्यूबमध्ये यायला लागलं तेव्हा कल्पिताताई शांतपणे म्हणाल्या, “डिसेंबरात दोनशे मीटरला दोरी धरलेल्या त्या तुम्हीच ना?”

रचनाताईंनी सांगितलं की हो, पोटरीत गोळा आला होता.

“पोटरीत गोळा आलेला माणूस पाय धरतो,” कल्पिताताई म्हणाल्या. “तुम्ही छाती धरली होती.”

सुई आत असताना हात हलवायचा नसतो. रचनाताईंनी हलवला नाही. ट्यूब भरली, त्यांनी पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला आणि दोन मिनिटं दाबून ठेवा असं सांगितलं. ती दोन मिनिटं खोलीत दोघीच होत्या.

“हृदय तपासलंत?” कल्पिताताईंनी विचारलं.

“तपासलं. उत्तम आहे.”

“मग भीती आहे.”

“हो,” रचनाताई म्हणाल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्या हे मोठ्याने बोलल्या.

कल्पिताताईंनी मग स्वतःचं सांगितलं. त्यांना शर्यतीआधी उलटी होते. शाळेत असल्यापासून, दर शर्यतीला, चाळीस वर्षं. लग्नाआधी त्यांना वाटायचं की वय वाढलं की जाईल. मग वाटायचं की जिंकायला लागलं की जाईल. जिंकायला लागल्या, तरी होतच राहिलं.

“पूर्वी कुठेही व्हायची,” त्या म्हणाल्या. “एकदा पंचांच्या बुटांवर झाली. आता मी वेळ ठरवून टाकली आहे. साडेआठची शर्यत असेल तर आठला ओकून घेते. पिशवी बरोबर असते. त्यामुळे बरं पडतं.”

एवढं बोलून त्यांनी कापूस टोपलीत टाकला, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना ते विचारलं आणि गेल्या.

त्या रात्री रचनाताईंनी पर्समधला रिपोर्ट काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. रत्नदीपनी तो वाचला. कागद वाचायची त्यांना सवय होती, वरून खाली, प्रत्येक आकडा. मग त्यांनी तारीख पाहिली. जानेवारीतली होती.

“अहो, गोळा आलाच नव्हता,” रचनाताई म्हणाल्या. “मी घाबरलेले.”

रत्नदीपनी कागद घडी घालून बाजूला ठेवला. त्यांनी एकही ‘का’ विचारला नाही. मग म्हणाले की केळी आता रोज दोन आणायची गरज नाही तर. केळी त्यांना आवडत नसत आणि उरलेली तेच खात होते.

स्वानंदला सांगणं जास्त अवघड होतं. सकाळी बॅच संपल्यावर त्यांनी त्याला तलावाच्या कडेला गाठून सगळं एका दमात सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा पडला.

“पाच महिने मी तुमच्या पोटऱ्यांवर काम करतोय, ताई.”

“माहितीये, सर. पोटऱ्या खूप छान झाल्यात.”

त्या दिवशी तो तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो एका पंचांशी फोनवर बोलून आला होता. त्याने सांगितलं की फ्रीस्टाइलमध्ये दोरी धरून थांबलं तर बाद करत नाहीत. दोरी ओढून पुढे सरकायचं नाही, तळाला पाय टेकले तर पाऊल पुढे टाकायचं नाही. बाहेर पडलं की मात्र शर्यत संपली. म्हणजे डिसेंबरात त्या थांबल्या ते चुकलं नव्हतं. शिडी चढल्या तिथे शर्यत गेली. तेव्हा आपण आता थांबायचाच सराव करायचा.

रचनाताईंनी विचारलं की थांबायचा कसला सराव. ते तर त्यांना येतच होतं.

“तुम्हाला थांबता येतं. थांबून परत निघता येत नाही,” स्वानंद म्हणाला.

मग जूनपासून त्या थांबायला शिकल्या. तिसऱ्या फेरीत खिडकी आली की दोरी धरायची, चेहरा पाण्याबाहेर, सहा श्वास मोजायचे, सोडायचे हळू, आणि सातव्याला निघायचं. पहिल्या दिवशी सहाचे एकोणीस झाले. दुसऱ्या दिवशी त्या शिडीपर्यंत गेल्या आणि शिडी धरून परत आल्या. तलावावरचे बाकीचे लोक बघायचे. एका निवृत्त शिक्षकांनी त्यांना सल्ला दिला की एवढा दम लागत असेल तर योगासनं करा. महिन्याभरात सहाचे सहावर आले. ऑगस्टमध्ये एक चमत्कारिक गोष्ट झाली. खिडकी आली आणि हात दोरीवर जायला निघालाच नाही, तेव्हा त्या तशाच पुढे गेल्या. स्वानंद कडेने ओरडला की आज थांबायचं ठरलंय, थांबा. त्यांना मागे वळून थांबावं लागलं. याचा त्यांना राग आला. भीतीऐवजी राग येणं ही त्यांच्या मते प्रगती होती.

छाती आवळणं गेलं नव्हतं. कधी यायचं, कधी नाही. पण आल्यावर काय करायचं ते आता ठरलेलं होतं, आणि ठरलेलं काम रचनाताईंना नीट करता यायचं.

डिसेंबरात पुन्हा ठाण्याला स्पर्धा. पाच जणी, रचनाताई तिसऱ्या लेनमध्ये. आठ वाजता त्यांना बायकांच्या खोलीच्या टोकाला कल्पिताताई पिशवी घेऊन उभ्या दिसल्या. दोघींनी एकमेकींना मान हलवली. तोंड याही वेळी कोरडं होतं.

पहिली फेरी एक्कावन्न सेकंदांत गेली. दुसरी व्यवस्थित. तिसऱ्या फेरीला त्या वळल्या आणि एकशे पंधराच्या आसपास छातीत ते आलं, वर्षाआधी आलं होतं तसंच. त्यांनी आणखी चार हात मारून पाहिले. मग दोरी धरली.

प्रेक्षकांत सावंतबाई शेजारच्या अनोळखी माणसाला समजावून सांगत होत्या की यांना गोळा येतो. पंच वाकून काहीतरी विचारत होते. रचनाताईंनी बोट वर करून त्यांना थांबवलं, लॅबमध्ये घाईवर आलेल्या पेशंटला थांबवायच्या तसं, आणि मोजत राहिल्या. तिसऱ्या श्वासाला शिडी दिसली. ती दोन लेन पलीकडे होती आणि रिकामी होती. चौथ्या श्वासालाही ती तिथेच होती. पाचव्याला शेजारच्या लेनमधली बाई वळून शेवटच्या फेरीला लागली आणि तिच्या पायांचं पाणी त्यांच्या तोंडावर उडालं. सहावा श्वास त्यामुळे अर्धाच झाला. तो त्यांनी धरला आणि निघाल्या.

चौथ्या फेरीत त्या एकट्याच होत्या. बाकीच्या चौघी भिंतीला लागून दम खात होत्या, पुढच्या शर्यतीच्या बायका ठोकळ्यांमागे हात झटकत उभ्या होत्या. रचनाताईंना हे काही दिसत नव्हतं. त्यांना तळाची काळी रेघ दिसत होती, ती संपली, आणि हात भिंतीला लागला.

चार मिनिटं नऊ सेकंद. पाचात पाचवा नंबर. निकालाचा कागद लागल्यावर त्या चष्मा लावून त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. रत्नदीपनी फोटो काढू का विचारलं. त्या म्हणाल्या, कागदाचा काढा, माझा नको.

परतताना बॅचच्या बायकांना त्यांनी खरं सांगून टाकलं. गोळा नव्हता, कधीच नव्हता. पाण्यात मध्येच भीती वाटते, म्हणून थांबते. मग सावंतबाई म्हणाल्या, “म्हणजे वर्षभर नाचणी उगाच.”

“उगाच नाही,” रचनाताई म्हणाल्या. “कॅल्शियम चांगलं आलंय.”

सावंतबाई आठवडाभर जरा तुटक वागल्या. मग एके दिवशी कपडे बदलताना त्यांनी रचनाताईंना हळूच सांगितलं की आपण खोल पाण्याकडे जात नाही त्याचं खरं कारण गुडघा नाही. त्या महिन्यात बॅचमधले दोन गुडघे आणि एक चक्कर बरी झाली. स्वानंदला यातलं कोणी सांगितलं नाही. आपले व्यायाम लागू पडले असं त्याला वाटलं.

पुढच्या वर्षी रचनाताई एकदाही न थांबता तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत पोहल्या आणि त्यांना रौप्यपदक मिळालं. त्या वर्षी त्यांच्या गटात दोघीच होत्या. रत्नदीप पाहुण्यांना पदक दाखवतात तेव्हा हे सांगत नाहीत. रचनाताई स्वयंपाकघरातून सांगतात.

जानेवारीत त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली. आता त्या कल्पिताताईंच्या गटात आहेत. तिथे सात जणी आहेत आणि त्यांतल्या चौघी रचनाताईंपेक्षा नक्की वेगवान आहेत. स्वानंदने पदकाची शक्यता काढून पाहिली आणि सांगितली नाही. त्यांनीही विचारली नाही. मार्चमध्ये सरावात दोनदा थांबायला लागलं, एप्रिलमध्ये एकदा. मेमध्ये तलाव दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद होता, तेव्हा मोजता आलं नाही.